तांब्याच्या पोटचं जस्त

शुवैखच्या इस्पितळामागे, तळघरात,
सायक्लोट्रॉन बंद होऊन चौदा महिने झाले.
बंद म्हणजे वीज तोडलेली, पंप काढून नेलेले,
दारावर पिवळी पाटी, अरबीत चार ओळी,
खाली कुणीतरी पेनाने: दार ओढून घ्या.

आतले तांब्याचे तुकडे आम्ही निवायला ठेवले होते.
निवणं हा आमच्यातला विचित्र शब्द.
हाताला ते पहिल्या दिवसापासून गारच,
कडकड करतं ते फक्त मोजयंत्र.

"अमघराला याचे किलोमागे किती देतील, ठाऊक आहे?"
परकारांनी विचारलं, आणि उत्तरही दिलं, पार फिल्सपर्यंत.
बावीस वर्षांपूर्वी हे तुकडे त्यांनीच बसवले,
बाणकोटहून आलेला फिटर, हातात मराठीत काढलेला नकाशा.
आता शिशाच्या विटांआडून, आरशात बघत,
लांब चिमट्याने तेच काढतायत,
पोराच्या घशातला काटा काढावा तसे.
मध्येच थांबून म्हणतात, "हा स्क्रू तेव्हाही वाकडाच होता."

मी सांगितलं: झोत जाताना कडेला घासायचा,
इतकी वर्षं, दिवसातून दोनदा.
त्यात थोड्या अणूंचं तांबेपण गेलं.
जस्त झालं.
ते हसले, मास्कच्या आत.
"म्हणजे तांब्याचं पितळ उघडं पडलं म्हणा की!"
बारा वर्षं शिकवला हा विषय मी.
इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

नायट्रिकमध्ये तांबं सुटतं, तपकिरी धूर सोडून.
आटवायचं. दुसऱ्या आम्लात पुन्हा घ्यायचं.
मग राळेच्या मण्यांची काचेची नळी,
तिच्यातून तांबं हिरवंगार उतरत जातं,
बाटलीमागून बाटली,
कुठे म्हणून थांबत नाही.
जस्त अडतं. दिसत नाही, रंग नाही,
सगळं मिळून मुंगीच्या पावलाएवढंही नाही.
त्याला सोडवायला शेवटी
जवळजवळ साधं पाणी पुरतं.

त्या कुपीला शिशाचं भांडं, भांड्याला पेटी,
पेटीला अकरा कागद.
परवानगीला नऊ आठवडे लागले.
अर्धायु दोनशे चव्वेचाळीस दिवस,
म्हणजे सहावा हिस्सा शिक्क्यांची वाट बघण्यात गेला.
मी हे पत्रात लिहिलं. उत्तर आलं नाही.

परकारांचा इकामाही त्याच महिन्यात संपत होता.
तो अर्धा-अर्धा होत नाही.
त्याला तारीख असते.
छातीवरचा बिल्ला परत करताना त्यांनी हळूच विचारलं,
"माझ्यातही झालं असेल का असं काही?"
नाही, म्हटलं. जस्त तुमच्यात आहेच, दोनेक ग्रॅम,
प्रत्येकात असतं,
पण ते जन्मापासूनचं.
"मग आईचं," म्हणाले, आणि सही केली.

वफ्राला बदरियाने बरहीची रोपं लावली आहेत कुंड्यांत.
माती खारी, चुनखडीची.
जस्त तिच्यात असतं, पण मुळाला सुटत नाही,
पानं पिवळी पडतात.
आमची कुपी तिने मोजून मुळांशी दिली,
कुठल्या मातीत किती वर चढतं ते बघायला.
तीन आठवड्यांनी एक पान कापलं,
अंधाऱ्या खोलीत पाटीवर दाबून ठेवलं रात्रभर.

सकाळी पाटीवर पान उमटलं होतं,
देठाशी दाट काळं, शिरांमधून बारीक होत गेलेलं,
पुढे नुसती भुरकी.
टोकाची दोन बोटं कोरीच.
बदरिया त्या कोऱ्या जागेकडेच बघत राहिली,
पट्टी लावून मोजली, वहीत लिहिली.

मी फोटो बाणकोटला पाठवला.
खाली लिहिलं: तुमचं तांबं.
उत्तर संध्याकाळी आलं, बोटीवरून आल्यावर असावं:
टोकाला पोचलं नाही अजून.
बाईंना सांगा, थोडं पाणी वाढवा.